‘राइट’ म्हणजे कुठला राइट?

गेल्या पावसाळ्यात जांबोटीहून येताना मामाचा फोन खिशातल्या खिशात भिजला आणि कायमचा बंद पडला. फोनचं त्याला फारसं काही वाटलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभं राहून अर्धं आयुष्य काढलेला माणूस तो, यंत्रं बिघडतात हे त्याला कुणी सांगायला नको. घोर होता तो फोनमधल्या बिटकॉइन वॉलेटचा. २०१८ मध्ये कुणाच्या तरी नादानं त्यात थोडे पैसे घालून ठेवले होते.

“पैसे बुडाले की गा सगळे!” शहापूरच्या घरी गेलो तर दारातच त्यानं ऐकवलं.

बुडाले नव्हते, कारण ते फोनमध्ये कधी नव्हतेच. ‘वॉलेट’ या शब्दानं निम्मा घोटाळा केलाय. पाकिटात नोटा असतात, क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये एकही नाणं नसतं. आमच्या भागात शिनोळीकडच्या कितीतरी घरांची थोडी जमीन महाराष्ट्रात आणि थोडी कर्नाटकात असते. तिकडच्या तुकड्याचा सातबारा चंदगड तालुक्याच्या दफ्तरात, इकडच्या तुकड्याचा उतारा बेळगावच्या. ट्रंकेतले कागद जळाले म्हणून शेत जळत नाही. ब्लॉकचेन म्हणजे असं दफ्तर, फक्त त्याच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर असतात आणि फेरफार करायला तलाठी लागत नाही, तुमची सही लागते. ती सही करणारी गुप्त किल्ली सांभाळणं, एवढंच वॉलेटचं काम. आणि ती किल्ली, वॉलेट पहिल्यांदा उघडताना मिळालेल्या बारा शब्दांतून पुन्हा घडवता येते.

ते बारा शब्द मामानं जपले होते. जुन्या डायरीत, निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात. पण देवनागरीत!

हे शब्द कुठून येतात ते सांगतो. २०१३ मध्ये ‘बिप-३९’ नावाचा एक प्रस्ताव आला आणि बहुतेक वॉलेटांनी तो उचलला. त्यात २०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे. सुरुवात ‘ॲबँडन’नं, शेवट ‘झू’नं. २०४८ म्हणजे दोनचा अकरावा घात, म्हणजे एकेक शब्द म्हणजे शून्य-एकच्या अकरा खुणा. बारा शब्दांच्या १३२ खुणा होतात. त्यातल्या १२८ निव्वळ योगायोगानं निवडलेल्या असतात आणि उरलेल्या ४ पडताळणीच्या. त्या १२८ खुणांच्या शक्यता मोजायच्या तर ३४ वर ३७ शून्यं द्यावी लागतात, त्यामुळे अंदाजानं कुणाचे शब्द ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. शब्द निवडताना एक सोय केलीय: पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांची सारखी नाहीत. स्पेलिंग पुढे चुकलं तरी चालतं. जपानी, कोरियन, स्पॅनिश, झेक अशाही याद्या आहेत. मराठीची नाही, कन्नडचीही नाही. निदान या एका बाबतीत तरी दोन्ही बाजूंना तक्रारीला समान जागा आहे.

चार अक्षरांची ती सोय देवनागरीत लिहिल्याबरोबर संपते. मामाच्या डायरीत आठवा शब्द होता ‘राइट’. यादीत ‘राइट’ दोन आहेत: एक बरोबर किंवा उजवा या अर्थाचा, दुसरा लिहिणे या अर्थाचा. मामाला आठवेना. पहिला घालून पाहिला, नव्या ॲपनं तो साफ नाकारला. दुसरा घातला, घेतला.

नाकारला तो त्या ४ पडताळणी-खुणांमुळे. पण त्यावर फार विसंबू नये. चार खुणा म्हणजे सोळा शक्यता, म्हणजे चुकीचा शब्दसंच सोळात एकदा गुमान स्वीकारला जातो आणि तुमच्यासमोर भलतंच, रिकामं वॉलेट उघडतं. ‘चूक’ असा लाल शेरा येत नाही. कारण त्या शब्दांचं वॉलेटही खरंच अस्तित्वात असतं, फक्त ते तुमचं नसतं.

आमच्याही समोर शिल्लक आली शून्य. मामानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ते पैसे काढून घेतले.

शब्द बरोबर, तरी शून्य. याचं कारण समजलं की कुठल्या चेनला, म्हणजे कुठल्या ब्लॉकचेनला, कुठलं वॉलेट घ्यावं हे निम्मं समजतं. बारा शब्दांतून एकच किल्ली निघत नाही, अख्खं झाड निघतं: खोड, फांद्या, उपफांद्या. कुठल्या फांदीवरची किल्ली वापरायची त्याचा पत्ता आकड्यांत लिहितात. प्रत्येक चेनची फांदी वेगळी: बिटकॉइनची ०, इथेरियमची ६०, कॉसमॉसची ११८, सोलानाची ५०१. एकट्या बिटकॉइनमध्येही पिढ्या आहेत. ४४ क्रमांकाच्या वाटेनं गेलं की १ नं सुरू होणारे जुने पत्ते मिळतात, ४९ नं गेलं की ३ नं सुरू होणारे, ८४ नं गेलं की ‘बीसी-एक-क्यू’नं सुरू होणारे. मामाचं जुनं ॲप ४९ च्या वाटेचं, नवं ॲप सरळ ८४ वर गेलेलं. सेटिंगमध्ये वाट बदलली आणि शिल्लक दिसली. त्याच क्षणी मामीनं आतून कुंद्याची वाटी आणली.

म्हणून माझ्या मते वॉलेट निवडताना त्यात शिरायचं कसं यापेक्षा बाहेर कसं पडायचं ते आधी बघावं. ते बिप-३९ पाळतं का? वाट कुठली ते दाखवतं का, बदलू देतं का? बिटकॉइनचं इलेक्ट्रम हे २०११ पासूनचं, खुल्या कोडचं, नावाजलेलं वॉलेट. पण त्याचे बारा शब्द इंग्रजी यादीतलेच असले तरी त्यांपासून किल्ली काढण्याची रीत त्याची स्वतःची आहे. ते दुसऱ्या ॲपमध्ये घातले तर बहुधा उघडणार नाहीत. हा दोष नाही, पण डायरीत शब्दांच्या वर ‘इलेक्ट्रम’ एवढं लिहिलेलं असायलाच हवं.

मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे. हे सगळं ऐकत तो बाजूला बसला होता. त्याच्याकडे थोडं सोलाना, थोडं पॉलिगॉन. “मग दादा, सगळ्याला एकच ॲप घेऊ की वेगवेगळी?” त्यानं विचारलं.

एकच घेता येतं, पण चेनांचे स्वभाव सारखे नाहीत. बिटकॉइनमध्ये खात्यावर एक शिल्लक अशी नसतेच. आलेली प्रत्येक रक्कम सुट्या नोटेसारखी वेगळी पडून असते. दोनशेची नोट मोडून पन्नास दिले तर उरलेले दीडशे तुमच्याच एका नव्या पत्त्यावर ‘सुटे’ म्हणून परत येतात. जुना पत्ता शोधून पाहणाऱ्याला तिथे शून्य दिसतं आणि छातीत धस्स होतं. कुठली नोट मोडायची हे ठरवू देणारं वॉलेट इथे उपयोगाचं. संगणकावर स्पॅरो ते काम छान करतं.

इथेरियमचं दफ्तर बँकेच्या खात्यासारखं: एक पत्ता, एक शिल्लक. पॉलिगॉन, आर्बिट्रम, बीएनबी चेन यांनी तीच रीत उचलली, त्यामुळे तिथे तुमचा पत्ता अक्षर न् अक्षर सारखाच असतो. पण दफ्तर वेगळं. पॉलिगॉनवर आलेले पैसे इथेरियमच्या पानावर शोधले तर दिसणार नाहीत. नेटवर्क बदललं की दिसतात. २०१६ पासूनचं मेटामास्क इथलं रुळलेलं वॉलेट. पण या कुळात खरा धोका वेगळ्याच जागी आहे. एखाद्या साइटनं ‘परवानगी द्या’ म्हटलं आणि तुम्ही दाबलं, की तिच्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे चेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, तुमचं टोकन (चेनवर चालणारं एखादं नाणं) हवं तितकं, हवं तेव्हा उचलता येऊ शकतं. कोऱ्या चेकवर सही करण्यातलाच हा प्रकार. सही करण्याआधी ‘तुमच्या खात्यातून हे जाईल, हे येईल’ असं वाचता येईल अशा भाषेत दाखवणारं वॉलेट मी घेईन. रॅबी त्याबाबतीत बरं वाटतं.

सोलानाची सहीच वेगळ्या गणितानं होते. बिटकॉइन आणि इथेरियमच्या सहीच्या गणितातली वक्ररेषा एक, सोलानाची दुसरी. एका दफ्तरात सही चालते, दुसऱ्यात अंगठाच लागतो, तसं. फी नगण्य, एका सहीला ०.०००००५ सोल (सोल म्हणजे सोलानाचं नाणं). मात्र प्रत्येक नव्या टोकनासाठी वेगळं उपखातं उघडावं लागतं आणि त्यात सुमारे ०.००२ सोल अनामत अडकते. ते खातं बंद केलं की परत मिळते. हे ठाऊक नसलेला माणूस पैसे गळतात म्हणून हैराण होतो. फँटम आणि सोलफ्लेअर हे सगळं दाखवतात. फँटम आता इथेरियम आणि बिटकॉइनही सांभाळतं, मेटामास्कनं २०२५ मध्ये सोलाना घेतलं, म्हणजे ॲपांच्या सीमा पुसट होत चालल्यात.

ट्रॉन नावाच्या चेनवर डॉलरच्या भावाशी बांधलेलं टोकन पाठवायचं तर सहसा खिशात थोडं टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, लागतं, नाहीतर लाखाचं टोकन असूनही जागचं हलत नाही. फी त्या त्या चेनच्याच नाण्यात, हा नियम बहुतेक ठिकाणी आहे. एसटीत बसून वायव्य कर्नाटकच्या बसचा पास दाखवून चालत नाही.

भावाला मी सांगितलं ते इतकंच: रोजच्या खटपटीचं एक वॉलेट, थोड्याच पैशांचं, आणि जपून ठेवायच्या पैशांचं वेगळं, वेगळ्या बारा शब्दांचं. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलानावरचं एक वॉलेट आपल्या वापरकर्त्यांचे शब्द साध्या अक्षरांत एका सर्व्हरवर पाठवत असल्याचं आढळलं, आणि हजारो वॉलेटं रिकामी झाली. त्या ॲपमधलेच शब्द ज्यांनी इतरत्रही वापरले होते, त्यांचं तिथलंही गेलं. शब्दांचा फोटो काढून ठेवणं तर नकोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी ‘स्पार्ककॅट’ उघडकीला आणलं: साध्यासुध्या वाटणाऱ्या ॲपांत लपून गॅलरीतल्या चित्रांवरची अक्षरं वाचायची आणि त्यात असे शब्द शोधायचे, हा त्याचा धंदा. आणि हो, नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, हे २०२२ पासून लागू आहे. वॉलेट स्वतःचं असलं म्हणून त्यातून सुटका नाही.

एक काम उरलं होतं. ‘राइट’च्या भानगडीत मामाचे बाराही शब्द मला कळले होते. भाचा असलो तरी ते बरं नव्हे. म्हणून नवं वॉलेट उघडून, थोडी फी मोजून, पैसे तिकडे हलवायचे ठरले. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मामा चष्मा लावून नवे शब्द रोमन अक्षरांत, एकेक कोरून लिहू लागला. जॉबवर माप घेतो तितक्याच निगुतीनं. पाच-सात शब्द झाले असतील.

“अरे, हा बघ रे जरा, हा...”

मी कानांवर हात ठेवले.