लिनक्स डेस्कटॉपवरील नवागत-साहाय्य

लिनक्ससारख्या मुक्तस्रोत डेस्कटॉप प्रणालीवर नव्याने आलेल्यांना रोजची कामे जमावीत म्हणून जुने वापरकर्ते करतात ती मदत. प्रोग्राम बसवणे, प्रिंटर जोडणे, वाय-फाय सुरू करणे, पेनड्राइव्हवरील फाइल उघडणे अशा साध्या गोष्टींत ती लागते. सशुल्क मदत देणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्यांचे ग्राहक प्रामुख्याने संस्था. घरगुती वापरकर्त्याचा भार बहुतांशी स्वयंसेवकच उचलतात.

लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) जाणकारांच्याच हाती होता. केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) या प्रकल्पांनी सर्वसामान्यांना वापरता येईल असा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचा दृश्य पडदा, उभारायला घेतला. उबुंटू (२००४) आणि लिनक्स मिंट (२००६) ही वितरणे, म्हणजे कर्नल आणि प्रोग्राम एकत्र बांधलेल्या तयार प्रणाली, आल्यावर संगणक हे ज्यांचे क्षेत्रच नाही असे लोकही इकडे वळले, आणि प्रश्नांचा रोख बदलला.

विंडोज सोडून आलेला माणूस सवयीने प्रोग्रामच्या संकेतस्थळावर जाऊन इन्स्टॉलर शोधू लागतो. लिनक्सवर बहुतेक प्रोग्राम वितरणाच्या भांडारातून (प्रोग्रामच्या ऑनलाइन साठ्यातून), पॅकेज व्यवस्थापक या बसवणाऱ्या साधनामार्फत येतात आणि त्यांची अद्ययावतनेही एकत्रच होतात. एवढे एक समजले की पुढचे अनेक प्रश्न पडतच नाहीत. म्हणून ‘ही फाइल चालत नाही’ या तक्रारीवर अनुभवी मदतनीस आधी विचारतो, ‘मुळात करायचे काय आहे?’ मग वितरण कोणते, आवृत्ती कोणती, डेस्कटॉप कोणता आणि त्रुटीसंदेशाचे शब्द नेमके काय, हे प्रश्न येतात.

उत्तर मेनूतून द्यावे की टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून), हा जुना वाद आहे. मेनूंची मांडणी डेस्कटॉपगणिक बदलते. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ ही प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्राम बसवणारी आज्ञा मात्र उबुंटू आणि मिंट दोन्हींवर तशीच चालते, आणि तिचा निकाल मजकूर म्हणून परत पाठवता येतो. मदतनिसाला आज्ञा सोयीची वाटते ती यामुळे. पण ती फेडोरा या दुसऱ्या वितरणावर चालत नाही. तेथे डीएनएफ हा वेगळा पॅकेज व्यवस्थापक लागतो. शिवाय न समजलेली ओळ प्रशासकाच्या अधिकाराने चालवायला लावणे धोक्याचे आहे. आज्ञेचा प्रत्येक भाग काय करतो हे न सांगता दिलेले उत्तर अर्धवटच म्हणावे. बारीकसारीक गोष्टीही सांगाव्या लागतात: टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर सहसा काहीच उमटत नाही, आणि कंट्रोल-सी दाबल्याने मजकूर कॉपी होत नाही, चालू असलेला प्रोग्राम थांबतो.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना घड्याळ चुकलेले दिसते. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेवर धरते. बिघाड कशातच नसतो. तसेच विंडोजची जलद-प्रारंभ सोय चालू राहिली, तर विंडोजच्या डिस्क-विभागात लिनक्समधून लिहिता येत नाही.

‘मॅन्युअल वाचा’ असे तुटक उत्तर देण्याची रीत या जगात बरीच रुळलेली होती. लिनक्सची पूर्वज प्रणाली असलेल्या युनिक्सची मॅन-पाने (आज्ञांची माहितीपाने) १९७१ पासून आहेत आणि ती नेमकी असतात, पण आज्ञेचे नाव आधीच माहीत असलेल्यालाच ती उपयोगी पडतात. उबुंटूसारख्या प्रकल्पांनी आचारसंहिता करून सौजन्याची अपेक्षा लेखी नोंदवली.

काही प्रश्न मदतीवाचूनच कमी झाले. अनेक वाय-फाय चिपना लागणारे फर्मवेअर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) मुक्त नसल्याने डेबियन या वितरणाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे आणि नवागत पहिल्याच पायरीवर अडकत. २०२२ मधील डेबियन प्रकल्पाच्या सदस्यांच्या मतदानानंतर डेबियन १२ (२०२३) पासून ते समाविष्ट झाले.