आचके म्हणजे श्वास नव्हे

माणूस अचानक कोसळला की आपल्याकडे आधी गर्दी होते, मग कोणी पाणी आणतं, कोणी कांदा हुंगवतं, कोणी तळपाय चोळत बसतं, आणि एवढ्यात तीन-चार मिनिटं गेलेली असतात. हृदय बंद पडलं असेल तर रक्ताविना मेंदूचं नुकसान 4 ते 6 मिनिटांतच सुरू होतं हो!

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ नाही दिली तर छातीकडे बघा, फार तर 10 सेकंद. इथेच लोक फसतात. हृदय थांबल्यावरही काही जण तोंड उघडून आचके देतात, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि सगळे म्हणतात "श्वास चालू आहे". तो श्वास नव्हे, ते आचके दिसले की सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, लागणारच. एकाला 108 लावायला सांगा, एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाका आणि लगेच सुरू करा.

पेशंटला कडक जमिनीवर उताणं झोपवा, गादीवर नको, नाहीतर गादीच दबते. छातीच्या मधोमध हाडावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि अंगाचा भार टाकून 5 ते 6 सेंटीमीटर खाली दाबा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, म्हणजे सेकंदाला जवळपास दोनदा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त परत भरतं. बरगडी कट्कन मोडल्यासारखी वाटली तरी थांबू नका, बरगडी नंतर जुळते.

हे तंत्र अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडलं. तिथे निकरबॉकर नावाचे संशोधक कुत्र्यांवर विजेचा शॉक देण्याचे प्रयोग करत होते, तर जड इलेक्ट्रोड छातीवर दाबताच, शॉक द्यायच्या आधीच, रक्तदाब थोडा वर गेलेला त्यांना दिसला. 1960 मध्ये ते आणि त्यांचे सहकारी कावेनहोवन आणि ज्यूड यांनी छाती न उघडता हृदय चालवायची पद्धत छापली. म्हणजे तुमचे हातच पंप. हात थांबले की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब लगेच पडतो, आणि पुन्हा चढायला बरेच दाब द्यावे लागतात.

तोंडाने श्वास द्यायचं ट्रेनिंग नसेल तर मोठ्या माणसाला नुसतं दाबत राहा, बुडालेल्याला मात्र श्वासही लागतो. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून शेजारी उभ्या असलेल्याला आधीच गुडघ्यावर बसवून ठेवा, म्हणजे अदलाबदलीत खंड पडत नाही.