तरुण कुत्र्यांच्या टोळीने होणारी रानडुकराची शिकार

साधारण आठ महिने ते दोन वर्षे वयाच्या, शिकवणी पुरी न झालेल्या कुत्र्यांना एकत्र सोडून रानडुक्कर हुडकणे, अडवणे आणि शिकाऱ्याच्या टप्प्यात आणणे. ही वेगळी शिकारपद्धती नाही. कुत्र्यांच्या मदतीने होणाऱ्या डुकराच्या शिकारीतला हा उमेदवारीचा काळ आहे. या वयाच्या कुत्र्यात उणीव धाडसाची नसते, ते गरजेपेक्षा जास्तच असते. त्यामुळे या साऱ्या कसबाचा भर कुत्र्याला चेतवण्यावर नसून आवरण्यावर असतो.

रानडुकराची (सुस स्क्रोफा) नजर बेताची, पण नाक आणि कान तिखट. नराच्या खालच्या जबड्यातले सुळे आयुष्यभर वाढत राहतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून त्यांना धार येते. हल्ला करताना तो मान खाली घालतो आणि झटक्यासरशी वर उडवतो. म्हणून कुत्र्यांच्या जखमा बहुधा छातीला, पोटाला किंवा मांडीच्या आतल्या अंगाला असतात. मादीचे सुळे आखूड असतात, ती चावून झोंबते. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कातडीखाली चिवट जाड थर असतो. माजाच्या दिवसांत तो आणखी वाढतो आणि नरांच्या आपसांतल्या झुंजीत ढालीसारखा उपयोगी पडतो. कुत्र्याच्या दाताचेही त्यावर फारसे काही चालत नाही. त्यामुळे डुक्कर धरणारी कुत्री कान पकडतात.

कुत्र्याचे कायमचे दात सहा-सात महिन्यांत येतात. मोठ्या जातींची हाडे पक्की व्हायला मात्र दीड वर्षापर्यंत वेळ जातो. अंगात जोर आधी येतो, अक्कल मागून. एकटे असताना दहा हात लांब राहून भुंकणारे तरुण कुत्रे चार सोबती मिळाले की तोंडाला तोंड लावायला जाते, कारण शेजारचाही तेच करत असतो.

डुक्कर पळून थकले की पाठ राखते. एखादी काटेरी जाळी, उन्मळून पडलेले झाड किंवा खडक मागे घेऊन ते तोंड बाहेर करून उभे राहते. अनुभवी कुत्रे त्याच्या बरोबर समोर थांबत नाही. बाजूला राहून हूल देते, भुंकते, आणि डुकराने तोंड फिरवले की मागून चावा घेऊन दूर होते. आपल्यामागे पळायला वाट मोकळी आहे ना, याकडे त्याचे सतत लक्ष असते. तरुण कुत्री समोरच दाटी करतात. मागचे पुढच्याला रेटते, आणि डुक्कर उसळले की पहिल्याला मागे सरायला जागाच उरत नाही. सुळ्याची जखम बाहेरून बोटभर, आत वीतभर. रक्त थोडे येते, कुत्रे शेपटी हलवत परत येते आणि मालक फसतो. छातीत हवा शिरली असेल तर धाप लागायला थोडा वेळ जातो. त्यामुळे जाणता माणूस मेलेल्या डुकराकडे नंतर बघतो, आधी प्रत्येक कुत्र्याच्या काखेतून आणि पोटावरून हात फिरवतो.

कामानुसार कुत्र्यांचे दोन वर्ग पडतात. रोखणारी कुत्री डुकराभोवती फिरत भुंकून त्याला जागेवर खिळवतात, तर धरणारी कुत्री ते पकडून ठेवतात. पहिल्या कामाला जर्मन याग्डटेरियरसारखी लहान, चपळ आणि तोंडाळ कुत्री किंवा अमेरिकेच्या दक्षिणेकडील कॅटाहूला आणि प्लॉट हाउंड या जाती वापरतात. दुसऱ्या कामाची ठळक जात म्हणजे डोगो अर्जेंटिनो. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे अंतोनियो नोरेस मार्तिनेस यांनी 1920च्या दशकात ती घडवायला घेतली. ब्रिटनमध्ये 1991च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्याने याच जातीवर बंदी आहे. तरुण कुत्र्याला कोणत्याही जातीचे असले तरी आधी रोखायलाच शिकवावे, हे बरे. पकडीची चटक लवकर लागलेले कुत्रे पुढे लांब राहायला तयार होत नाही. केवलार या चिवट कृत्रिम धाग्याचे अंगरखे, रुंद गळपट्टे आणि जीपीएस पट्टे आता सर्रास वापरात आहेत. अंगरख्याने छाती वाचते, मांड्या उघड्याच राहतात.

शिकवणीचा जुना मार्ग म्हणजे पोराला मुरलेल्या कुत्र्यासोबत सोडणे. ग्रीक लेखक झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेल्या शिकारीवरच्या ग्रंथात मादीला आठव्या आणि नराला दहाव्या महिन्यात रानात न्यावे असे सांगितले आहे. तेव्हाही त्यांना मोकळे सोडू नये, लांब दोरीला बांधून माग काढणाऱ्या कुत्र्यांमागे चालवावे. कुत्र्यांची नावे आखूड ठेवावीत म्हणजे हाक मारायला सोपे जाते, हेही तो विसरत नाही. त्याचा हा सल्ला सशाच्या शिकारीसंबंधी असला तरी इथेही जसाच्या तसा लागू पडतो. जर्मनीत यासाठी कुंपण घातलेली खास आवारे आहेत. तिथे माणसाळलेल्या रानडुकरांसमोर कुत्रा ठराविक वेळच सोडतात आणि परीक्षक त्याचे वागणे न्याहाळतो. पहिल्याच भेटीत जबर मार खाल्लेले कुत्रे कायमचे भेदरू शकते, म्हणून सुरुवात मोठ्या नरापासून करत नाहीत. हरीण, ससा किंवा गुरे यांच्या मागे न लागणे हाही शिकवणीचाच भाग आहे. न्यूझीलंडमध्ये तर डुकराच्या शिकारीच्या कुत्र्यांना किवी पक्ष्याचा वास टाळायला शिकवतात. त्यासाठी विजेचा सौम्य झटका देणारा पट्टा वापरतात.

दाट झाडीत शिकाऱ्याला काही दिसत नाही, सगळे कानावर चालते. मागावरचे भुंकणे तुटक आणि सरकत जाणारे असते. डुक्कर थांबले की आवाज एका जागी येतो आणि ठोके पडावेत तसा एकसुरी होतो. वासावर भुंकणारा, नजरेला पडल्यावरच भुंकणारा आणि उगाचच भुंकणारा कुत्रा यांना जर्मन शिकाऱ्यांकडे वेगवेगळे शब्द आहेत, आणि शेवटला हा दोष मानतात. तरुण टोळीत हा दोष चटकन पसरतो. एकाने खोटी आरोळी दिली की बाकीचे हो ला हो करतात.

डुकराच्या शिकारीसाठी झेनोफोन क्रीट, लोक्रिस आणि लाकोनिया या ग्रीक प्रदेशांतल्या कुत्र्यांबरोबर ‘भारतीय’ कुत्रीही सुचवतो. भाल्याच्या पात्यामागे आडवे दात असावेत, नाहीतर भोसकलेले डुक्कर दांड्यावरून पुढे सरकत माणसावर येते, हे त्याचे निरीक्षण आजही पटते. सुळे इतके तापतात की कुत्र्याचे केस जळतात, हे मात्र ऐकीव दिसते. पुढे जर्मन राजदरबारांत आडव्या दांडीचा जड भाला आणि मोठाल्या कुत्र्यांच्या झुंडी हे वैभवाचे लक्षण ठरले. ग्रेट डेन ही जात त्याच कुळातली. त्या काळी सामान्य कुत्री आधी मरायला पाठवीत आणि किमती कुत्र्यांना चिलखत चढवीत. तरुण कुत्र्यांचा हिशेब कोणत्या बाजूला लागत असेल, हे वेगळे सांगायला नको.

जर्मनीच्या शिकार कायद्यात प्राण्याला दमेपर्यंत पळवून मारण्यास मनाई आहे. कुत्र्यांनी डुक्कर झाडीतून उठवून बंदुकीच्या टप्प्यात आणणे तेवढे चालते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004च्या कायद्याने रानटी सस्तन प्राण्यांची कुत्र्यांकरवी शिकार थोडे अपवाद सोडून बंद झाली. जिथे डुक्कर माणसाने नेऊन सोडले, त्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ते उपद्रवी मानतात आणि ही शिकार तिथे मोठ्या प्रमाणावर चालते. उपद्रव आटोक्यात आणण्याचा उपाय म्हणून ती लंगडीच आहे. एखाददुसरे डुक्कर मरते आणि बाकीचा कळप पांगून शेजारच्या रानात जातो. सबंध कळप पिंजऱ्यात धरणे जास्त परिणामकारक ठरते. पण त्यात कुत्र्यांचा थरार नाही, आणि बऱ्याच जणांना तोच हवा असतो.

सुळ्याखालोखाल भीती रोगाची. आउयेस्की रोगाचा विषाणू डुकरांत टिकून राहतो. कुत्र्याला तो चाव्यातून, जखमेतून किंवा कच्च्या मांसातून होतो. अंगाला असह्य खाज सुटते आणि लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रे बहुधा दोन दिवसांत दगावते. त्यावर उपचार नाही. त्यामुळे मारलेल्या डुकराची आतडी बक्षीस म्हणून कुत्र्यांपुढे टाकण्याची चाल आता जाणते शिकारी पाळत नाहीत. मध्ययुगीन फ्रान्समध्ये डुकराच्या शिकारीनंतर कुत्र्यांचा वाटा विस्तवावर भाजून देत, आणि त्या वाट्याचे फ्रेंच नावही विस्तवावरूनच पडले होते.