उणे पन्नासात गाडी चालू ठेवायची तर

याकुत्स्कमध्ये जानेवारीत गाडी थांबवली की पहिला प्रश्न पडतो तो ती बंद करायची की नाही. दुकानातून पाव-दूध घेऊन यायचं असेल तर बरेच जण बंद करत नाहीत. सायबेरियातल्या साखा प्रजासत्ताकाच्या या राजधानीत तीन लाखांहून अधिक लोक राहतात आणि जानेवारीचं सरासरी तापमान उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की पारा उणे 50 च्या खाली जातो. अर्थात तेव्हा पाऱ्याचा तापमापक कामाचा नसतो, कारण पारा उणे 39 ला गोठतो. याच प्रजासत्ताकातल्या ओयम्याकोन या गावी 1933 साली उणे 67.7 अंशांची नोंद झाली होती.

अशा ठिकाणी रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी सेल्फ मारला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, किंवा एक कण्हल्यासारखा आवाज येतो आणि संपतो. गाडी ‘गोठली’ असं आपण सहज म्हणून जातो. पण गाडीतला प्रत्येक द्रव आपापल्या तापमानाला, आपापल्या पद्धतीने हात टेकतो, आणि तिथल्या ड्रायव्हरला त्या सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी ठेवावा लागतो.

सुरुवात बॅटरीपासून करू. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ती क्रिया मंदावते. उणे 18 लाच बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. इकडे इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला मात्र नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. देणारा दुबळा आणि मागणारा जास्त हावरा, अशी दुहेरी कोंडी होते. शिवाय बॅटरी स्वतःही गोठू शकते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल तीव्र असतं, त्यामुळे ती उणे 50 च्याही पुढे तग धरते. डाऊन झालेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे 10 च्या आसपासच गोठतं आणि बॅटरीचा डबा तडकतो. म्हणून अनेक जण रात्री बॅटरी काढून घरात घेऊन जातात.

आता ऑइल. डब्यावर 0W-30 असं लिहिलेलं असतं, त्यातला W हिवाळ्याचा. 0W दर्जा मिळवायला ऑइलची दोनदा परीक्षा होते: उणे 35 ला इंजिन फिरू देण्याइतकं ते पातळ आहे का, आणि उणे 40 ला पंप ते ओढू शकतो का. याकुत्स्कची जानेवारीतली रात्र बाजारातल्या या सर्वांत पातळ दर्जाच्या ऑइललाही परीक्षेच्या बाहेर नेऊन ठेवते. अशा वेळी जबरदस्तीने इंजिन फिरवलं आणि ते चुकून सुरू झालं तर जास्त धोका असतो. ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायच्या आत धातू धातूवर घासू लागतो.

डिझेलची गोष्ट मराठी घरात सांगायला सोपी आहे. थंडीत खोबरेल तेलाची बाटली जशी आधी धुरकट होते आणि मग पांढरी थिजते, तसंच डिझेलमधलं पॅराफिन मेण थिजू लागतं. टाकीतलं डिझेल अजून वाहतं दिसत असतानाच मेणाचे बारीक स्फटिक फिल्टरच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाचा घास तुटतो. यावर उपाय म्हणजे मेण कमी असलेलं, रॉकेलच्या जवळ जाणारं आर्क्टिक डिझेल. पेट्रोल थिजत नाही, पण त्याची वाफ व्हायला तयार नसते, आणि ठिणगीने पेटते ती वाफच. म्हणून थंड देशांत हिवाळ्यासाठी जास्त सहज उडणारं पेट्रोल वेगळं बनवतात.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर रसायनशास्त्र वाटतं ते कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून फिरणाऱ्या द्रवाचं. पाणी 0 ला गोठतं हे आपल्याला माहीत आहे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल शुद्ध स्वरूपात उणे 13 लाच गोठतं. पण साठ भाग ग्लायकॉल आणि चाळीस भाग पाणी एकत्र करा, ते मिश्रण उणे 50 पर्यंत द्रव राहतं. पाण्याचे रेणू ग्लायकॉलला स्फटिक बांधू देत नाहीत आणि ग्लायकॉल पाण्याला. म्हणजे जास्त सुरक्षा हवी म्हणून रेडिएटरमध्ये निव्वळ ग्लायकॉल भरणारा माणूस फसतो. असे कूलंट सहज मिळत नव्हते त्या सोव्हिएत काळात ट्रक ड्रायव्हर रोज रात्री रेडिएटर रिकामा करत. सकाळी ऑइल चेंबरखाली ब्लो-लॅम्पची ज्योत धरून ऑइल पातळ करत, मग गरम पाणी ओतून इंजिन जागं करत. इंधनाच्या टाकीपासून हातभर अंतरावर उघडी ज्योत धरण्याचं हे काम रोजचं होतं.

घन पदार्थांचंही खरं नसतं. टायरचं रबर कडक होतं, रात्रभर जमिनीला टेकलेला भाग चपटाच राहतो आणि सकाळी पहिलं काही अंतर गाडी दगडावरून गेल्यासारखी आदळत जाते. उबदार गॅरेजमध्ये 20 अंशाला 32 पीएसआय भरलेली हवा उणे 40 ला 22 च्या आसपास येते. साधं पोलाद ठिसूळ होतं आणि ट्रकचे कमानपाटे खड्ड्यात वाकण्याऐवजी मोडतात.

मग लोक काय करतात? उत्तर अमेरिकेने इंजिनाला विजेची जोड दिली. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनात बसवायच्या छोट्या विद्युत हीटरचं पेटंट 1949 साली मिळवलं. आज अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये पार्किंगच्या जागी विजेचे सॉकेट असतात आणि गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबत असते. याकुत्स्कमध्ये ज्यांना परवडतं ते गरम गॅरेज भाड्याने घेतात. बाकीचे गाडीवर ‘नताशा’ नावाने ओळखली जाणारी जाड गोधडीसारखी खोळ चढवतात, खिडक्यांना काचेचा किंवा प्लास्टिकचा दुसरा थर चिकटवतात म्हणजे मधल्या हवेमुळे आतून बर्फ धरत नाही, आणि ऑटोस्टार्ट बसवतात. इंजिन ठरावीक तापमानाखाली गेलं की रात्री गाडी आपोआप सुरू होते, थोडी तापते आणि बंद होते. थिजलेलं इंजिन सुरू करण्यापेक्षा ते थिजू न देणं सोपं, हे त्यामागचं गणित.

दिवसभर गाडी चालू ठेवायची जुनी सवय मला मात्र पटत नाही, आणि ती केवळ इंधनासाठी नाही. नुसतं घुरघुरणारं इंजिन या थंडीत पुरतं तापत नाही. अर्धवट जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ते पातळ, निकामी करतं. ज्वलनातली वाफ इंजिनाच्या श्वासनळीत, म्हणजे आतले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीत, गोठून ती बंद करते. मग आतला दाब वाढतो, ऑइल सील बाहेर ढकललं जातं आणि सगळं ऑइल बर्फावर सांडतं.

त्याच वाफेचं दुसरं टोक शहरावर दिसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो त्यातून. तीस अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे 30 ग्रॅम वाफ मावते, उणे 40 ला 0.2 ग्रॅमसुद्धा नाही. सायलेन्सरमधून निघालेली वाफ मग तिथल्या तिथे बर्फाचे कण होऊन लोंबकळत राहते. वारा नसतो, थंड जड हवा खोलगट भागात साचलेली असते, आणि गाड्या, धुराडी, माणसांचे श्वास मिळून दाट बर्फाळ धुकं होतं. समोरच्या गाडीचे लाल दिवे जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. फेअरबँक्सलाही हेच होतं.

आपल्याकडे हा प्रश्न लडाखमध्ये आणि हिमाचलच्या उंच भागात भेटतो. लेह, कारगिल, काझा, केलाँगच्या बाजूला डिझेल थिजल्याने गाड्या अडकतात, म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथे आणलं. पानिपतच्या रिफायनरीत ते तयार होतं. लडाखला आणखी एक अडचण आहे, जी याकुत्स्कला नाही: उंची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून इतकी तापवतात की तिच्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, त्यामुळे पिस्टनच्या प्रत्येक फेरीत हवा कमी येते आणि तिच्यात डिझेल पेटायला वेळ लागतो. म्हणून तापमापकावर तोच आकडा असला तरी सपाटीवर सुरू होणारा ट्रक लेहला अडून बसू शकतो, टाकीतलं डिझेल पूर्ण वाहतं असूनसुद्धा.