क्लीन व्हेन्यू आणि क्लीन झोन : नावं जुळी, भानगड वेगळी

मोठी स्पर्धा आली की हा वाद ठरलेला. गेटवर कुणाचा तरी बॅनर काढून घेतात, कुणाला टी-शर्ट बदलून ये म्हणतात, त्याचा व्हिडिओ फिरतो, मग एक बाजू ओरडते अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा गळा घोटला आणि दुसरी म्हणते अरे स्टेडियम त्यांचं, नियम त्यांचे, तुला आमंत्रण कुणी दिलं होतं. मला दोन्ही बाजूंचा वैताग येतो, कारण बहुतेक वेळा एकजण स्टेडियमच्या आतलं बोलत असतो आणि दुसरा बाहेरच्या रस्त्याचं, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

आतल्या प्रकाराला म्हणतात क्लीन व्हेन्यू. फिफा असो की ऑलिम्पिकवाले, त्यांची अट असते की मैदान आमच्या ताब्यात देताना कोरं करकरीत द्या, आमचे स्पॉन्सर सोडून दुसऱ्या कुणाचं नाव दिसता कामा नये. प्रेक्षकाला हे लागू होतं तिकिटामुळे. तिकिटाच्या अटी कुणी वाचत नाही पण त्यात लिहिलेलं असतं काय आणायचं नाही ते, आणि पैसे भरले की तुम्ही ते मान्य केलं. म्हणजे हा करार झाला. मोडलात तर बाहेर काढतील, विषय संपला.

2006 च्या जर्मनीतल्या वर्ल्ड कपला नेदरलँड्सचे पाठीराखे एका डच बिअर कंपनीने वाटलेल्या नारिंगी पँटी घालून आले होते, मागे सिंहाची शेपटी वगैरे लावलेल्या. ती कंपनी काही स्पॉन्सर नव्हती. स्टुटगार्टच्या गेटवर सांगितलं पँट काढा नाहीतर घरी जा, तर बरेच जण चक्क अंडरवेअरवर मॅच बघायला बसले! हास्यास्पद आहे, पण माझ्या मते यात अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा फार मोठा प्रश्न नाही. दोन धंदेवाल्यांची मारामारी, मधे प्रेक्षकाची पँट गेली.

आता क्लीन झोन. नाव ऐकून वाटतं तेच असेल, स्टेडियमभोवतीचा पट्टा असेल. पण हा नियम स्पर्धा भरवणारा करत नाही, शहर करतं, आणि तो लागू होतो रस्त्याला, दुकानाच्या पाटीला, तुमच्या स्वतःच्या जागेला. तुम्ही तिकीट काढलेलं नसतं, कुठे सही केलेली नसते, मॅच कधी आहे हेही कदाचित माहीत नसतं, तरी तुम्ही त्यात अडकता.

याचं सगळ्यात उघडंनागडं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं फिनिक्स. 2023 ची सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, होती शेजारच्या ग्लेनडेल शहरात, म्हणजे मैदान फिनिक्समध्ये नव्हतंच. तरी फिनिक्सने आपल्या डाउनटाउनचा जवळजवळ दोन चौरस मैलांचा भाग क्लीन झोन म्हणून जाहीर केला आणि ठराव असा केला की तिथे तात्पुरता बोर्ड लावायचा तर एनएफएल (सुपर बोल भरवणारी लीग) आणि स्पर्धेची यजमान समिती यांची मंजुरी पाहिजे. परत वाचा. जागा तुमची, शहर तुमचं, कर तुम्ही भरता, आणि तुमच्या भिंतीवर काय लावायचं ते एक खासगी लीग ठरवणार. एका जागामालकाला तिथे जाहिरात लावायची होती, तो कोर्टात गेला आणि जिंकला. कोर्टाने दोन गोष्टी धरल्या: बोलायच्या आधीच परवानगी मागायला लावणं घटनाबाह्य, आणि सरकारचा अधिकार खासगी संस्थेच्या हातात देऊन टाकणं तेही घटनाबाह्य. मला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण क्लीन झोनमध्ये नेमकं हेच होतं, स्पॉन्सरची अट शहराच्या तोंडून कायदा बनून बाहेर येते.

बरं, तिथला झगडा निदान जाहिरातीचा होता. व्हँकुव्हरला 2010 च्या हिवाळी ऑलिम्पिकआधी शहराने पाट्यांचे जे नियम केले त्यात सणासुदीचं वातावरण निर्माण करणाऱ्या, ऑलिम्पिक साजरं करणाऱ्या पाट्यांना वेगळी वागणूक होती. मग ऑलिम्पिक नकोय म्हणणाऱ्या पाटीचं काय? त्याच सुमारास शहरातल्या एका गॅलरीच्या बाहेर भित्तिचित्र होतं, ऑलिम्पिकची पाच वर्तुळं, त्यातली चार तोंडं रडकी आणि एक हसरं. बस, एवढंच. तेही काढायला लावलं, कारण काय तर ग्राफिटीचा नियम. बोंबाबोंब झाल्यावर परत लावू दिलं, आणि दोन नागरिक कोर्टात गेल्यावर पाट्यांचे नियमही बदलले.

लंडनने 2012 साठी केलेलं जरा शहाणपणाचं. 2006 च्या मूळ कायद्यात जाहिरातीची व्याख्या इतकी ऐसपैस होती की बिगरव्यापारी मजकूरही त्यात बसत होता आणि घरात घुसून पोस्टर काढतील का अशी भीती लोकांना वाटायला लागली. शेवटी 2011 च्या नियमावलीत सरळ सूट घातली की एखादं मत, श्रद्धा किंवा मोहीम मांडणारा मजकूर यात येत नाही, फक्त त्याआडून माल विकायचा नाही. एका कलमाने केवढा फरक पडतो बघा.

गोंधळ वाढतो तो हे दोन्ही एकमेकांत शिरतात तेव्हा. 2010 ला दक्षिण आफ्रिकेत त्याच बिअर कंपनीचे नारिंगी ड्रेस घातलेल्या 36 बायकांना स्टेडियममधून काढलं, इथपर्यंत क्लीन व्हेन्यू. पण त्यातल्या दोघींना चक्क अटक झाली, गुन्हा दाखल झाला आणि तो नंतर मागे घेतला. म्हणजे तिकिटाची अट मोडली म्हणून मजल फौजदारीपर्यंत गेली.

ब्राझीलने तर स्टेडियमचा नियमच कायद्यात लिहून टाकला. झेंडे फक्त आनंदी आणि मैत्रीपूर्ण कारणासाठी वापरायचे, असं 2014 च्या वर्ल्ड कपच्या कायद्यात होतं, तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते चालवून घेतलं, आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकच्या कायद्यातही तेच आलं. मग 'फोरा तेमेर', म्हणजे अध्यक्ष तेमेर चालते व्हा, असं लिहिलेले कागद धरणाऱ्यांना स्टँडमधून बाहेर काढायला लागले. आता हे आतलं म्हणायचं की बाहेरचं? मी म्हणेन बाहेरचं, जागा स्टेडियमची असली तरी, कारण हात सरकारचा होता आणि दुखलेलंही सरकारच होतं. खुर्ची बघू नका, नियम कुणाचा ते बघा. एका फेडरल न्यायाधीशाने शांतपणे निषेध करणाऱ्यांना काढू नका असा आदेश दिलाच.

(बीजिंगने 2008 ला निदर्शनांसाठी तीन बागा ठरवून दिल्या होत्या, तो तिसराच प्रकार. 77 अर्ज आले, मंजूर एकही नाही.)

व्यवहारात फरक हा की क्लीन व्हेन्यूविरुद्ध भांडायला फारसं काही हातात नसतं, फार तर तिकिटाचे पैसे मागाल. क्लीन झोनविरुद्ध कोर्टात जाता येतं आणि जिंकताही येतं. पण स्पर्धा दोन-चार आठवड्यांची आणि कोर्ट आपल्या चालीने चालतं. रिओचा तो आदेश आला तेव्हा ऑलिम्पिक सुरू होऊन तीन दिवस झाले होते. फिनिक्सचा निकाल लागला 2 फेब्रुवारीला आणि मॅच होती 12 ला, म्हणजे जाहिरातदार शोधा, सौदा करा, छापून घ्या, टांगा, सगळं मिळून दहा दिवस.