पोटातला गोळा मोजणारे विद्यार्थी

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात लिसेबर्ग नावाचं मोठं मनोरंजन उद्यान आहे, १९२३ सालापासूनचं. तिथल्या राइड्सच्या रांगांत विज्ञान-अभियांत्रिकीचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही उभे राहत आले आहेत, तेही अभ्यासाचा भाग म्हणून. हातात दोऱ्याला लटकवलेलं एखादं छोटं, मऊ खेळणं. खेळणं मऊ, कारण हातातून सुटून मागच्याच्या डोक्यात बसलं तरी टेंगूळ येऊ नये. दुसऱ्या कुणाकडे जिना उतरणारी ती गुंडाळीची स्प्रिंग. हल्ली त्वरण नोंदवणारी छोटी यंत्रंही असतात. पण अ‍ॅन-मारी पेंडरिल या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेने हा प्रकार तिथे रुजवला तो दोरा आणि स्प्रिंग यांना सोबत घेऊनच. मला ते फार पटतं. यंत्र आकडा देतं, स्प्रिंग डोळ्यांना दाखवते.

ती दाखवते काय? स्प्रिंग हातात धरली की स्वतःच्याच वजनाने ठरावीक लांब ताणली जाते. रोलरकोस्टरची गाडी उताराच्या तळाशी वळते तेव्हा हाच ताण दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे त्या क्षणी तुमचं शरीरही दोन-तीन पट जड झालेलं असतं. अभियंते याला दोन जी, तीन जी म्हणतात. एक जी म्हणजे खुर्चीत स्वस्थ बसल्यावर जाणवतं तेवढं वजन. गाडी टेकाडावरून खाली झेपावते तेव्हा मात्र स्प्रिंगची वेटोळी चटकन मिटतात. शून्य जी. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये ‘नायट्रो’त बसलेल्यांना हा क्षण समजावून सांगायला नको. पोटात गोळा येतो तो हाच. एरवी आतडी, जठर वगैरे मंडळी खालच्या अवयवांवर विसावलेली असतात. शरीर आणि अवयव एकाच वेगाने पडू लागले की तो आधाराचा दाब नाहीसा होतो आणि मेंदूला ही बातमी अजिबात आवडत नाही. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली यायला लागतो तेव्हाही हेच होतं, फक्त थोडक्यात.

राइडची रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी छळणारं गणित लूपचं असतं. गाडी उभ्या चक्रातून फिरवायची, तर चक्र गोल का नको? बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. माथ्यावर गाडी पडू नये एवढाच वेग ठेवला, घर्षण सोडून दिलं, तर वर प्रवाशाला शून्य जी जाणवतो. तिथून खाली येईपर्यंत वेग वाढतो आणि तळाशी त्याच प्रवाशाला सहा जी जाणवतात. साठ किलोच्या माणसाला आपण तीनशे साठ किलोचे झालो असं वाटेल. मग चक्र मोठं करू, असं कुणीतरी हमखास म्हणतं. करा. पाच मीटर त्रिज्या घ्या नाहीतर पन्नास, उत्तर सहाच येतं. त्रिज्या समीकरणातून निघूनच जाते. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा वहीकडे पुन्हा एकदा बघावंच लागतं.

हे गणित न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली लोकांनी अंगावर घेतलं होतं. ‘फ्लिप फ्लॅप’ नावाच्या राइडचा लूप जवळपास पूर्ण गोल होता, जेमतेम साडेसात मीटर व्यासाचा, आणि त्यात प्रवाशांना बारा जीच्या आसपास धक्का बसत असे असं सांगितलं जातं. बसणाऱ्यांच्या माना लचकत. शिवाय दुखणं फक्त आकड्याचं नव्हतं. सपाट रुळावर एक जी आणि चक्रात शिरताक्षणी एकदम कित्येक जी, मधे काहीच नाही. जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

यावरचा उपाय आपल्याकडे सिव्हिलची मुलं सर्व्हेइंगच्या तासाला शिकतात. रस्ता किंवा लोहमार्ग सरळ रेषेतून एकदम गोल वळणात नेत नाहीत. मधे संक्रमण वक्र टाकतात, म्हणजे वळण हळूहळू घट्ट होत जातं. स्टीअरिंग एकाच संथ गतीने फिरवत गेलात तर गाडी जी रेषा काढेल, तिला क्लोथॉइड म्हणतात. हाच वक्र आडवा न ठेवता उभा केला की लूप थेंबासारखा दिसतो, तळाशी ऐसपैस आणि माथ्यावर आवळलेला. ढोबळ हिशेब करून बघू. लूपची उंची १८ मीटर, माथ्यावरची त्रिज्या ६ मीटर आणि खालच्या वळणाची १८ मीटर धरली, तर तळाशी सहाऐवजी साधारण ३.३ जी येतात. उंचीच्या मानाने माथा आवळला, तळ सैल सोडला आणि जवळजवळ निम्मं ओझं उतरलं.

हा लूप पोलादी रुळांवर यशस्वी करून दाखवला जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी, आंटोन श्वार्त्सकोफ या राइड बांधणाऱ्यासोबत. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये त्यांची ‘रिव्होल्यूशन’ सुरू झाली. श्टेंगेल तरुणपणीच या धंद्यात शिरले आणि १९६५ मध्ये त्यांनी स्वतःचं कार्यालय काढलं. पुढे पाचशेच्या वर रोलरकोस्टरची आकडेमोड तिथे झाली. त्यांची दुसरी कल्पना मला जास्त आवडते. गाडी कुशीवर वळवायची तर ती रुळाभोवती न वळवता प्रवाशाच्या छातीभोवती वळवायची. रूळ वाकडातिकडा झाला तरी चालेल, हृदयाची वाट गुळगुळीत हवी. रुळाभोवती वळवलं तर डोकं मोठ्या कमानीतून भिरकावलं जातं आणि खांद्यावरच्या पट्ट्यांवर आपटतं. गोथेनबर्ग विद्यापीठाने २००५ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

आता ते दोऱ्याचं खेळणं कशासाठी, ते कळेल. गाडी जोरात वळते आहे, बाहेरचं जग तिरकं झालंय, आणि दोरा मात्र प्रवाशाच्या पाठीला समांतर, जणू काही झालंच नाही. म्हणजे रुळाचा कल वेगाला अचूक जुळलेला आहे आणि सगळा जोर माणसाला आसनातच दाबतो, बाजूला ढकलत नाही. दोरा कलला, तर तेवढा जोर बरगडीला.

पुस्तकातलं एवढं झालं की विद्यार्थ्याला वाटतं, आता आपण रोलरकोस्टर आखणार. प्रत्यक्षात उद्यानात किंवा कंपनीत इंटर्न म्हणून गेलेल्याच्या वाट्याला बहुधा आखणी येत नाही, प्रश्न येतात. उदाहरणार्थ, २८ जणांची गाडी दर ९० सेकंदांनी सुटते, म्हणजे तासाला ११२० माणसं. पट्टे तपासणं आणि पिशव्या ठेवणं यातले १५ सेकंद वाचले तर १३४४. या २२४ माणसांसाठी फलाटावर कोणी कुठे उभं राहायचं, याचा तक्ता करत विद्यार्थी दिवसेंदिवस घड्याळ घेऊन बसू शकतो. कंटाळवाणं आहे, पण रांगेतल्या माणसाला विचारा.

दुसरा प्रश्न हातांचा. प्रवाशाने दोन्ही हात ताणले तर ते कुठपर्यंत जातात? तेवढ्या मापाची चौकट गाडीला बांधून ती सगळ्या मार्गावरून हळूहळू नेतात. कुठे खांबाला घासली, तर खांब चुकला.

आणि तिसरा प्रश्न असा की, हे बिघडलं तर काय? चढावर साखळी गाडी ओढते तेव्हा खालून जो टकटकटक आवाज येतो, तो भीती वाढवायला केलेला नाही. ती खाचांच्या पट्टीवर एकेक पडत जाणारी खिटी असते. साखळी तुटली तरी गाडी एका खाचेपेक्षा जास्त मागे सरकत नाही. चाकंही तीन तऱ्हेची, रुळाच्या वर, बाजूला आणि खाली. खालची चाकं गाडीला उचलून जाऊ देत नाहीत. जॉन मिलर या अमेरिकी रचनाकाराने १९१९ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं, म्हणून तर शून्य जीची टेकाडं जमली. विद्यार्थ्याने यातल्या प्रत्येक भागापुढे ‘निकामी झाला तर’ असं लिहायचं आणि पुढची ओळ भरायची. अमेरिकेत एएसटीएम या प्रमाणसंस्थेची राइड्ससाठीची समिती १९७८ पासून आहे. तिच्या नियमांत किती जी चालतील याबरोबर किती वेळ चालतील, हेही येतं. क्षणभर सोसतो तो भार दहा सेकंद सोसत नाही.

ही ओळ न भरण्याची किंमत अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये दिसली. २०१४ साली तिथे सुमारे ५१ मीटर उंचीची ‘फेरुक्ट’ नावाची, तराफ्यात बसून उतरायची पाण्याची घसरगुंडी उघडली. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘वेडा’. चाचण्यांत वाळूची पोती भरलेले तराफे दुसऱ्या टेकाडावर हवेत उडाले होते. त्यावर जाळी आणि तिला धरणाऱ्या लोखंडी कमानी बसवल्या गेल्या. २०१६ मध्ये तराफा उडाला आणि दहा वर्षांचा मुलगा त्याच कमानीला आपटून मरण पावला. रचना करणाऱ्यांकडे अभियांत्रिकीची पात्रताच नव्हती, असं आरोपपत्रात म्हटलं होतं. प्रक्रियेतल्या दोषांमुळे खटला २०१९ मध्ये रद्द झाला. पण भौतिकशास्त्राच्या नजरेने इथला दोष जाळीच्या कितीतरी आधीचा आहे. वेगाला न जुळणारं टेकाड कमी करायचं, की त्यावर झाकण घालायचं? उडालेल्या पोत्यांनी उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं.

शिकणाऱ्यांना एक शंका नेहमी असते, आपल्याला राइडमध्ये गरगरतं, मग हा धंदा आपला कसा? अमेरिकेतले रॉन टूमर यांत्रिकी अभियंता होते. आधी अपोलो यानाच्या उष्णतारोधक कवचावर काम केलं, मग अ‍ॅरो कंपनीत येऊन रोलरकोस्टर आखले. २०० फुटांची उंची ओलांडणारा पहिला रोलरकोस्टर, ओहायोतला १९८९ चा ‘मॅग्नम’, त्यांच्याच हातचा. टूमरना मळमळीचा त्रास होता. स्वतःच्या बहुतेक राइड्समध्ये ते बसलेच नाहीत.