दहा वेळा मोजूनही तेवढेच चुकणारे माप

आमच्याकडे कॅलिब्रेशनसाठी (उपकरणाची अचूकता तपासून घेण्यासाठी) मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे स्क्रूचे उपकरण, घेऊन येणारे अनेक ग्राहक सांगतात की प्रत्येक जॉब (यंत्रावर बनवलेला सुटा भाग) तीन-चार वेळा मोजून सरासरी घेतली जाते, त्यामुळे माप चुकणे शक्य नाही. हाताचा दाब किंवा नजर यांमुळे कधी कमी, कधी जास्त येणारी चूक सरासरीने नक्कीच कमी होते. परंतु उपकरण दर वेळी एकाच दिशेने चुकत असेल, तर ती पद्धतशीर त्रुटी सरासरीत जशीच्या तशी उतरते. ती शोधण्यासाठी ज्याचे माप आधीच खात्रीने ठाऊक आहे अशी वस्तू, म्हणजे स्लिप गेज, मोजावी लागते.

मायक्रोमीटरचा स्थिर जबडा (अॅन्व्हिल) आणि पुढे-मागे सरकणारा दांडा (स्पिंडल) यांमध्ये स्वच्छ कागद हलकेच धरून ओढून घ्यावा, म्हणजे तेलाचा थर निघतो. नंतर 17.6 मिमीचे स्लिप गेज रॅचेटनेच (दर वेळी सारखाच दाब देणाऱ्या टोकाच्या फिरकीनेच) दाब देऊन पाच वेळा मोजावे. वाचने 17.62, 17.63, 17.62, 17.63 आणि 17.62 आली, तर सरासरी 17.624 होते. सरासरीतून खरे माप वजा केले की त्रुटी मिळते: +0.024 मिमी. जॉबच्या वाचनातून ती वजा करावी. ड्रॉइंगवर 18.40 ± 0.01 असताना 18.42 वाचन आले म्हणून रिजेक्ट झालेला जॉब प्रत्यक्षात 18.396, म्हणजे चांगला असतो.

बंद स्थितीतही (दोन्ही टोके एकमेकांना टेकलेली असताना) एवढीच त्रुटी दिसली तर ती शून्य त्रुटी होय. मात्र स्क्रू झिजला असेल तर ती मापागणिक बदलते. म्हणूनच आम्ही 2.5, 5.1, 7.7 अशा दहा मापांवर तपासणी करतो, ज्यामुळे थिंबल (स्क्रूसोबत फिरणारी, खुणा असलेली नळी) निरनिराळ्या कोनांत तपासले जाते.

तापमानाकडेही लक्ष असावे. लेथवरून नुकताच उतरलेला 100 मिमीचा पोलादी जॉब मायक्रोमीटरपेक्षा 10 अंश सेल्सिअसने गरम असेल, तर तो सुमारे 0.012 मिमी मोठा भरतो आणि अॅल्युमिनियमचा जवळजवळ दुप्पट. जॉब गार होऊ द्यावा.

एक कळकळीची विनंती: मायक्रोमीटर आमच्याकडे पाठवण्यापूर्वी त्याचे शून्य जुळवू नये. तो ज्या स्थितीत वापरात होता त्याच स्थितीतील त्रुटी आम्ही आधी नोंदवतो, कारण मागील महिन्यांत तयार होऊन रवाना झालेल्या मालाची पुन्हा तपासणी करावी लागेल की नाही, हे आपल्याला त्याच आकड्यांवरून ठरवता येते.